‘हायपर’ आणि ‘हायपो’चा घोळ कसा सुटेल?

पत्र: मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळा मराठी माध्यमाची, बारावी आर्ट्‌स. यंदा जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणंही इंग्रजीत. एका सिनियर ताईने तिची शब्दांची वही दिली आहे. त्यात ए पासून झेडपर्यंत दीड हजार शब्द आहेत आणि समोर मराठी अर्थ. रोज ५० शब्द पाठ करते, पण आठवड्याने त्यातले दहाही आठवत नाहीत. परवा वर्गात ‘हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर वाढणं’ असं सांगितलं आणि सगळ्या हसल्या. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी १२ हजार आहे, वडिलांकडे मागायचा धीर होत नाही. आमचे एक सर म्हणतात, शब्दांची व्युत्पत्ती शीक म्हणजे घोकंपट्टी करावी लागणार नाही. पण मला इंग्रजीच येत नाही, तिथे ग्रीक आणि लॅटिन कुठून शिकू? ‘इडिओपॅथिक’ हा शब्द कितीदा वाचला तरी डोक्यात बसत नाही. शिक्षण सोडून द्यावं का?

उत्तर:

प्रिय मुली,

शिक्षण सोडायचं नाही. १२ हजार रुपयेही सध्या भरायचे नाहीत, त्याचं कारण पुढे सांगते. सिनियर ताईची वही मात्र उद्यापासून मिटून ठेव. तिने प्रेमाने दिली आहे हे खरं, पण अक्षरांच्या क्रमाने लावलेली यादी शोधायला सोयीची असते, शिकायला नसते. तिथे ‘हेपाटायटिस’च्या शेजारी ‘हर्निया’ येतो, आणि या दोघांत पहिल्या अक्षरापलीकडे काही नातं नाही. त्यामुळे एक शब्द दुसऱ्याची आठवण करून देत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिलं होतं, की निरर्थक अक्षरं पाठ केली तर विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तू पाठ करतेस ते शब्द तुझ्यासाठी आज जवळजवळ निरर्थक अक्षरंच आहेत. दोष तुझ्या बुद्धीचा नाही.

सरांनी सांगितलेला रस्ता बरोबर आहे, फक्त तो अर्धा आहे. आधी ती अर्धी वाट चालू.

तू ज्या शब्दावर अडलीस तोच घे. हायपो, ग्लाय, सेमिया असा तोडू नकोस, त्याचे सांधे वेगळे आहेत. ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. ‘ग्लायक’ म्हणजे गोड. शेवटचं ‘ईमिया’ म्हणजे रक्तातली स्थिती. रक्तातली साखर कमी. ‘हायपो’च्या जागी ‘हायपर’ आलं की साखर जास्त. आता हे दोन उपसर्ग कायमचे वेगळे कसे ठेवायचे? त्यासाठी ग्रीक शिकायची गरज नाही. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत, आणि आपलं रोजचं ‘वर’ त्याच ‘उपरि’तून झिजत झिजत आलं आहे. ग्रीक ‘हायपो’ आणि संस्कृत ‘उप’ यांचंही तसंच. उपाध्यक्ष अध्यक्षाच्या हाताखाली असतो. जिल्हा रुग्णालयाच्या खाली उपजिल्हा रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाली उपकेंद्र. उद्या तुझी पोस्टिंग उपकेंद्रावर होईल तेव्हा दारावरची पाटी वाचताना तुला ‘हायपो’ दिसेल. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे उप. यानंतर तू हे दोन उलटे सांगणार नाहीस याची मला खात्री आहे.

उलटे सांगून चालणारही नाही. रक्तातली साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या, घामाघूम होऊन थरथरणाऱ्या रुग्णाला तातडीने साखर द्यायची असते. तिथे कोणी ‘हायपो’चं ‘हायपर’ ऐकलं आणि इन्सुलिन दिलं गेलं तर जिवावर बेतेल. म्हणून वर्गात हसणाऱ्या मुलींकडे बघू नकोस, पण चूक मात्र गांभीर्याने घे.

अशी आणखी नाती आहेत आणि ती तुझ्या भाषेत आधीपासून आहेत. ग्रीकमध्ये नकार दाखवायला व्यंजनाआधी ‘अ’ लागतो आणि स्वराआधी ‘अन्’. हा नियम कुठे पाहिलास? अशक्त, अपचन, पण अनावश्यक, अनादर. अगदी तोच. म्हणून ‘ॲप्निया’ म्हणजे श्वास थांबणं, आणि ‘अनुरिया’ म्हणजे लघवी जवळजवळ न होणं. ग्रीक ‘डिस’ हा आपल्या ‘दुस्’, ‘दुर्’चा भाऊ. दुष्काळ आणि दुर्गंध ज्याला कळतो त्याला डिस्प्निया म्हणजे श्वासाचा त्रास आणि डिस्युरिया म्हणजे लघवीचा त्रास हे वेगळं पाठ करावं लागत नाही. हाडांच्या शब्दांतला ‘ऑस्टिओ’ आणि आपली ‘अस्थि’, दातांचा ‘डेंट’ आणि ‘दंत’, नाकाचा ‘नेझल’ आणि ‘नासिका’, सगळे एका कुळातले. डायरियाच्या शेवटी जो ‘रिया’ आहे तो वाहणं या अर्थाचा आणि ‘स्राव’ या शब्दाचा नातलग. ‘डाया’ म्हणजे आरपार, तेव्हा डायरिया म्हणजे आरपार वाहून जाणं.

हे योगायोगाने जुळलेलं नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं खोल आहे की त्या एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. या बहिणी आहेत, आई आणि मुलगी नव्हे. इंग्रजी संस्कृतातून निघाली असे जे निरोप मोबाइलवर फिरतात ते चुकीचे आहेत आणि अभ्यासात त्यांचा उपयोग नाही.

नुसत्या कानावर विसंबू नये, हेही त्याचबरोबर सांगते. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपण बदनाम, बदफैली म्हणतो त्यातला फारसी ‘बद’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळपास एक, आणि तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. उलट हेपाटायटिसमधला ‘हेपाट’ आणि ‘यकृत’ कानाला अजिबात सारखे लागत नाहीत, पण ते मात्र खरोखर एकाच मुळाचे आहेत. म्हणून स्वतःच्या मनाने व्युत्पत्ती रचू नकोस. लक्षात राहण्यासाठी एखादी गमतीची जोडी जुळवलीस तर जुळव, पण वहीत ती ‘आठवण’ म्हणून लिही, ‘मूळ’ म्हणून नको. मूळ पाहायचं तर ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे, मोबाइलवर उघडते.

आता रस्त्याचा दुसरा अर्धा भाग, जो सरांनी सांगितला नाही.

मूळ कळलं म्हणजे अर्थ कळला असं नसतं. संस्कृत व्याकरणात एक जुना श्लोक आहे. तो सांगतो की उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने भलतीकडे ओढून नेतो, आणि उदाहरणं देतो प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. पाचही शब्दांत धातू एकच, ‘हृ’. पण आहाराऐवजी प्रहार म्हटलं तर काय होईल! इंग्रजीचंही हेच आहे. ‘प्रोग्नोसिस’ घे. ‘प्रो’ म्हणजे आपला ‘प्र’, आणि ‘ग्नो’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. दोन्ही तुकडे जोडले की संस्कृतात ‘प्रज्ञा’ होते. पण प्रज्ञा म्हणजे बुद्धी, आणि प्रोग्नोसिस म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा वैद्यकीय अंदाज. तुकडे तेच असून अर्थ दोन. मुळावर विसंबून तू परीक्षेत प्रोग्नोसिस म्हणजे बुद्धी असं लिहिलंस तर गुण मिळणार नाहीत, आणि ते योग्यच होईल.

ॲनिमियाचं मूळ ‘अन्’ आणि रक्त, म्हणजे शब्दशः रक्तच नाही. असा जिवंत माणूस कुठे सापडणार? व्याख्या नेमकं सांगते: रक्तातलं हिमोग्लोबिन ठरावीक पातळीच्या खाली जाणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीसाठी ती पातळी डेसिलिटरला १२ ग्रॅम, गरोदरपणात सर्वसाधारणपणे ११, पुरुषासाठी १३. वॉर्डात काम चालतं ते या आकड्यांवर. ‘टॅकिकार्डिया’चं मूळ ‘जलद हृदय’ सांगतं, पण मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की तो शब्द वापरायचा हे व्याख्या सांगते.

काही शब्दांच्या पोटात तर जुनी चूक दडलेली असते. ‘हिस्टेरिया’ ग्रीक ‘हिस्टेरा’वरून आला, म्हणजे गर्भाशय. जुन्या वैद्यांची समजूत होती की बायकांच्या त्या अवस्थेचं कारण गर्भाशयात आहे. समजूत खोटी ठरली, शब्द उरला. ‘हिस्टेरेक्टोमी’मध्ये मात्र तेच मूळ सरळ अर्थाने आहे, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया. ‘व्हॅक्सिन’ लॅटिन ‘व्हॅका’वरून, म्हणजे गाय, कारण एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये देवीविरुद्ध गोस्तनदेवीची लस वापरली. ती लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ सगळ्याच लसींना हा शब्द लावला. १८९७ मध्ये वाल्देमार हाफकिनने मुंबईतच प्लेगची लस तयार केली तेव्हा तिचा गाईशी काही संबंध उरला नव्हता. मेलेल्या प्लेगच्या जंतूंपासून ती केली होती, तरी नाव व्हॅक्सिनच.

आणि ‘हायपरटेन्शन’! याबद्दल तुला वॉर्डात रोज बोलावं लागणार आहे. ‘सिस्टर, मला कसलंच टेन्शन नाही, पोरं कमावती आहेत, मग डॉक्टर हायपरटेन्शन कसं म्हणतात?’ हा प्रश्न मी किती रुग्णांकडून ऐकला असेल. इंग्रजी ‘टेन्शन’ आणि आपला ‘ताण’ दोघेही ताणणं या अर्थाच्या एकाच मुळाचे, संस्कृतातला ‘तन्’ तो हाच. इथला ताण मनावरचा नाही, धमन्यांच्या भिंतीवरचा आहे. वेगवेगळ्या वेळी मोजून रक्तदाब सातत्याने १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला की हायपरटेन्शन म्हणतात. हे तू रुग्णाला मराठीत समजावू शकलीस, की तो शब्द तुझा झाला. ज्याला काही टेन्शन नाही तोही मग गोळी वेळेवर घेईल.

असंच ‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’चं. आपल्याकडे क्रॉनिक म्हणजे फार गंभीर असं लोक धरून चालतात. ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारा, मग तो सौम्य का असेना. ॲक्यूट म्हणजे एकाएकी सुरू झालेला.

शरीररचनेचं पुस्तक तुला रूक्ष वाटतं असं पत्रात जाणवलं. त्यातली नावं ज्यांनी ठेवली त्यांची नजर बघ. गुडघ्यावरच्या हाडाला ‘पटेला’ म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी थाळी. आपल्या आज्या काय म्हणतात? गुडघ्याची वाटी. डोळ्यातल्या ‘प्युपिल’चं मूळ ‘प्युपिला’, म्हणजे छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलीच इवलीशी आकृती दिसते. आणि आपण मराठीत तिला म्हणतो डोळ्यातली बाहुली! रोममधल्या माणसाला आणि आपल्याकडच्या माणसाला त्याच जागी तेच दिसलं. टॉर्च मारून रुग्णाची बाहुली लहान होते का हे तू तपासशील तेव्हा शब्द आपोआप ओठावर येईल. दंडातल्या फुगणाऱ्या स्नायूत मात्र रोमन लोकांना उंदीर दिसला. ‘मसल’ म्हणजे लॅटिन ‘मस्क्युलस’, छोटा उंदीर. ग्रीकमध्येही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द, त्यावरून ‘मायो’ हा तुकडा आला, आणि आपला मूषक त्याच कुळातला. आपल्याला तिथे बेडूक दिसला, म्हणून मुलं दंडाची बेडकुळी काढून दाखवतात. अशा शब्दांवर थोडा वेळ रेंगाळ. त्यात वेळ वाया जात नाही.

आता वही कशी करायची ते सांगते. जाड दोनशे पानी घे. एका मुळाला एक पान. पहिलं पान ‘आयटिस’चं कर, म्हणजे दाह. दाह म्हणजे जळणं, आणि इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’मध्येही ‘फ्लेम’ म्हणजे ज्वाळाच आहे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. आजही परीक्षेत तीच विचारतात. स्पिरिटच्या बाटलीवर ‘इन्फ्लमेबल’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यातला ‘इन’ नकाराचा समजू नकोस. तो शब्दही याच ज्वाळेचा, अर्थ चटकन पेट घेणारं. नेफ्रायटिस, हेपाटायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस हे सगळे या एका पानावर येतील आणि त्यांच्याबरोबर मूत्रपिंड, यकृत, जठर, सांधा यांचे ग्रीक तुकडेही. दुसरं पान ‘टोमी’, ‘एक्टोमी’ आणि ‘ऑस्टोमी’ या तिघांचं एकत्र, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. टोमी म्हणजे छेद घेणं, एक्टोमी म्हणजे कापून बाहेर काढणं, ऑस्टोमी म्हणजे तोंड करून ठेवणं. ‘स्टोमा’ म्हणजेच तोंड.

प्रत्येक शब्दाखाली व्याख्या लिहायची, पण पुस्तकातली उतरवायची नाही. पुस्तक बंद कर आणि तुझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक वाक्य लिही. मग पुस्तकाशी ताडून दुरुस्त कर. त्याखाली त्या दिवशी वॉर्डात किंवा वर्गात तो शब्द ज्या वाक्यात ऐकलास ते वाक्य. दिवसाला पाच-सहा शब्द पुरे. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने ते पान उजव्या हाताने झाकून स्वतःला विचार. नुसतं पुन्हा वाचणं कामाचं नाही, आठवायला लागलं पाहिजे. शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी घे, शिकणाऱ्यांसाठीचा. लाँगमनने १९७८ मध्ये असा कोश काढला त्यात सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांत बसवल्या आहेत. तेवढे दोन हजार शब्द आले की उरलेला कोश तुझ्यासाठी उघडा. ग्रंथालयात जुनी प्रत असेल, विकत घेऊ नकोस.

स्पेलिंगची भीतीही या पानांवरच कमी होईल. न्यूमोनियाच्या सुरुवातीला पी का, तर फुप्फुसाचा ग्रीक शब्द ‘प्न्यूमोन’ आहे आणि इंग्रजांना सुरुवातीचा ‘प्न’ उच्चारता येत नाही. ॲप्नियात तो पी मधे आला म्हणून ऐकू येतो. उच्चाराने फसवणारी एक जोडी आताच लिहून ठेव: डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास. घाईत ऐकलं तर दोन्ही एकच वाटतात. पहिल्यात ‘फॅग’, म्हणजे खाणं. जंतू गिळणारी पेशी ती फॅगोसाइट. डॉक्टरांनी असा शब्द उच्चारला आणि खात्री वाटली नाही तर तिथल्या तिथे ‘सर, स्पेलिंग प्लीज’ म्हण. यात लाज नाही, हे आपल्या कामाचा भाग आहे.

एका ठिकाणी ही पद्धत चालत नाही. गेट, पुट, टेक, गिव्ह असे रोजचे छोटे शब्द जुन्या अँग्लो-सॅक्सन इंग्रजीतले किंवा तिच्याच नात्यातल्या बोलींतले आहेत, त्यांची फोड करून हाती काही लागत नाही. ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी आणि ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं हे ऐकूनच कळतं. बोलण्याचा सराव त्यासाठी हवा, पण तो तू हॉस्टेलमधल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर रोज पंधरा मिनिटं हॅन्डओव्हर देण्याचं, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याचं, नाटक करून मिळवू शकतेस. एकीने रात्रपाळीची सिस्टर व्हायचं, दुसरीने सकाळची. सहा महिन्यांनी तरीही अडलं तर क्लासचा विचार कर. आज १२ हजार रुपये देऊन तुला तिथे ‘हाउ आर यू’ शिकवतील, ‘हायपोकॅलेमिया’ (रक्तातलं पोटॅशियम कमी होणं) नाही.

राहिला तुझा ‘इडिओपॅथिक’. ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा, खासगी. ‘पॅथोस’ म्हणजे पीडा, आजार. आपला आपणच उद्भवलेला आजार. व्याख्या: ज्या आजाराचं कारण सापडत नाही तो. मूळ आणि व्याख्या इथे किती जवळ आहेत बघ, आणि तरी व्याख्येशिवाय ‘कारण माहीत नाही’ हा खरा मुद्दा हाताला लागला नसता. ‘पॅथी’चं पान आजच उघड, आणि ‘कार्डिओमायोपॅथी’ स्वतः फोडून, एका इंग्रजी वाक्यात व्याख्या करून मला पाठव. त्यातले तिन्ही तुकडे तुला आता येतात.